दुपारी दोनला पाय का संपतात? लांब पायपिटीतला एकच बिघाड, पुन्हा पुन्हा

तक्रार अशी आहे. सकाळी सातला गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागरच्या जंगलवाटेला लागलो की पहिले दहा किलोमीटर मी सगळ्यांच्या पुढे. धबधब्याच्या पायथ्याशी पोचून इतरांची वाट बघत बसणारा मीच. येऊन-जाऊन बावीसेक किलोमीटरची पायपीट. आणि परतीच्या वाटेवर, सोळाव्या किलोमीटरच्या आसपास, कुणीतरी मेन स्विच पाडल्यासारखा मी बंद पडतो. पाय लाकडाचे होतात, कपाळ ठणकतं, कुणी साधं "काय रे, बरा आहेस ना" विचारलं तरी राग येतो. उरलेले सहा किलोमीटर मान खाली घालून, शेवटून पहिला नंबर.

एकदा झालं असतं तर तब्येत बरी नव्हती म्हटलं असतं. सलग दोन हंगाम, प्रत्येक लांब वाटेवर झालं. मग ती तब्येत नाही, बिघाड आहे.

माझा धंदा पंप दुरुस्तीचा. डिचोली-सत्तरीच्या कुळागरांतल्या (सुपारी-नारळाच्या बागांतल्या) मोटारी काढायच्या, उघडायच्या, वाइंडिंग करून परत बसवायच्या. या धंद्यात पहिली गोष्ट कळते ती ही की मोटार जळली हे कारण नसतं, तो निकाल असतो. कारण कमी व्होल्टेज असतं, विहिरीचं पाणी फुटव्हॉल्व्हच्या (पाइपाच्या तळाच्या झडपेच्या) खाली गेलेलं असतं, नाहीतर इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकात, काहीतरी अडकलेलं असतं. नुसतं वाइंडिंग करून देणाऱ्याकडे तीच मोटार महिन्याभरात परत येते. माझ्या पायांच्या बाबतीत मी नेमकं तेच करत होतो. घरी येऊन स्प्रे मारायचा, गरम पाण्यात पाय बुडवायचे, आणि पुढच्या महिन्यात तीच मोटार पुन्हा टेबलावर.

तेव्हा ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. याआधी मी बूट बदलले होते (दोन जोड, फुकट गेले), वयाला दोष दिला होता (चव्वेचाळीस), आणि एकदा तर चालण्याच्या आदल्या दिवशी पाच किलोमीटर पळून "तयारी" केली होती. ती नोंद वाचून अजून हसू येतं.

पहिला संशयित: सकाळचा वेग

हा सापडला तो आमच्यासोबत येणाऱ्या बाईंमुळे. शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या. सकाळी त्या इतक्या मागे असायच्या की आम्ही त्यांची चेष्टा करायचो. दुपारी तीनला मात्र त्या माझ्या पुढे असायच्या, आणि त्यांनी वेग वाढवलेला नसायचा. एकदा मी मुद्दाम घड्याळ लावलं. बाईंचा पहिला किलोमीटर आणि विसावा किलोमीटर यांत दोन-तीन मिनिटांचा फरक. माझा पहिला किलोमीटर दहा मिनिटांचा आणि अठरावा तेवीस मिनिटांचा.

आत काय होतं ते साधं आहे. शरीरात साखरेचा चटकन वापरता येणारा साठा, म्हणजे स्नायू आणि यकृत मिळून, ढोबळ चारशे-पाचशे ग्रॅम. चरबी भरपूर असते, पण ती संथ जळते. हळू चाललं की चरबीचा वाटा मोठा राहतो, धाप लागेल असं चाललं की साखर भराभर उडते. सकाळी गारव्यात, मित्रांच्या गप्पांत, ताज्या पायांनी आपण दिवसभराची साखर दहा वाजायच्या आत उधळतो. दुपारी दोनला फक्त बिल येतं.

कसोटी: पहिले दोन तास चालताना एक पूर्ण, लांब वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला की वेग जास्त. याला घड्याळ लागत नाही, छातीचे ठोके मोजणारा पट्टा लागत नाही. एकटेच असाल तर पाढे म्हणा.

वेळेचा हिशोब करायला १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला नियम अजून चालतो: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा. पण तो नियम थंड देशातला. गोव्यातल्या ऑक्टोबरात किंवा मार्चात मी त्यावर सरळ तिसरा हिस्सा वाढवतो आणि थांबे वेगळे धरतो. बावीस किलोमीटरला आम्ही आता आठ तास घेतो. पूर्वी सहात व्हायचं, असं माझा मेहुणा अजून ऐकवतो. सहात त्याचं व्हायचं, माझं नव्हे.

वेग कमी केल्यावर बंद पडण्याची जागा सोळावरून एकोणिसाव्या किलोमीटरवर गेली. म्हणजे दोष बरोबर पकडला होता, पण तो एकटा नव्हता.

दुसरा: चहा-बिस्किटावरची सुरुवात

रात्रभरात यकृतातली साखर बरीच कमी झालेली असते. त्यावर चहा, चार बिस्किटं, आणि मग थेट धबधब्यापाशी अकरा वाजता पाव-भाजी. मधले चार तास टाकी रिकामी. सत्तर किलोच्या माणसाला चालताना तासाला अंदाजे तीनशे-चारशे कॅलरी लागतात, त्या चार तासांत कुठून येणार?

इथेही उत्तर बाईंच्या डब्यात होतं. त्या निघण्याआधी तासभर उकड्या तांदळाची पेज पिऊन येतात, सोबत खारातली तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कच्ची कैरी. पेजेत भात, पाणी, मीठ तिन्ही एकदम. आमच्या आज्या शेतावर जाण्याआधी हेच करायच्या आणि आम्ही त्याला गरिबीचं खाणं समजून पोई (गोव्यातला पाव) आणि ऑम्लेटकडे वळलो. पेज पचायला हलकी, तासाभराने पोट जड वाटत नाही. तुम्हाला पेज रुचत नसेल तर पोहे, उपमा, दोन केळी, काहीही. फक्त तळलेलं नको आणि निघताना घाईत नको.

वाटेवर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साखर-पिष्ट, पोटात जायला हवं. मध्यम केळ्यात साधारण वीस-पंचवीस ग्रॅम. बाकीचं मी खाज्याने भरून काढतो, जत्रेत मिळतं ते, बेसनाच्या कांड्यांवर गूळ आणि आलं. उन्हात वितळत नाही, पिशवीत चुरा होत नाही, आल्यामुळे मळमळही कमी होते. चॉकलेट गोव्याच्या हवेत नऊ वाजताच पेय होतं.

खायचं ते भूक लागायच्या आधी. मी मोबाइलवर दर पंचेचाळीस मिनिटांनी गजर लावला. पहिल्या दिवशी सगळे वैतागले, आता गजर झाला की सगळ्यांचे हात पिशवीत जातात.

या दोषाची खूण वेगळी ओळखता येते: पाय दुखत नसतात, रिकामे वाटतात. जांभया येतात, चिडचिड होते, साधी बेरीज जमत नाही. अशा वेळी थांबून दोन केळी किंवा गुळाचा मोठा खडा खा. पंधरा-वीस मिनिटांत माणूस माणसात आला तर निदान पक्कं. नाही आला तर पुढे वाचा.

तिसरा: पाणी, आणि त्याहून जास्त मीठ

इथे मी दोन्ही बाजूंनी चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एका लिटरच्या बाटलीवर जायचो. डोकं ठणकायचं, लघवी गडद पिवळी, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. निदान सोपं होतं. मग मी चार लिटर साधं पाणी घेऊन गेलो आणि शिस्तीने संपवलं. त्या दिवशी बंद पडलो नाही, त्याहून वाईट झालं. पोटात पाणी डुचमळत होतं, मळमळ, डोकं तसंच ठणकत होतं, आणि लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ. तहान नसताना ढोसलेल्या साध्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. थोडं झालं तर मळमळ, फार झालं तर भ्रम आणि झटके, जीवावर बेतू शकतं. बोटं सुजणं ही एकटी खूण मात्र धरू नका. तासन् तास हात लोंबते ठेवून चालल्यावर अनेकांची अंगठी तशीही घट्ट होते.

आपल्याकडचा खरा त्रास हवेतल्या ओलाव्याचा आहे. घाम अंगाला थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण झाडीत, वारा नसताना, हवा आधीच भिजलेली असते. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. उष्णता तशीच राहते, पाणी आणि मीठ मात्र गेलेलं असतं. पंपाच्या भाषेत सांगायचं तर ग्लँड (दांड्याभोवतीची पाणी अडवणारी सील) गळतेय आणि बेअरिंगही तापतंय. अशा हवेत चालणाऱ्या माणसाला ताशी लिटरभर घाम सहज येतो, आणि त्यातून दर लिटरमागे अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम. माणसागणिक फरक फार. वाळल्यावर ज्याच्या टोपीवर पांढरी रेघ उमटते तो खारट घामाचा, मी त्यातला.

आता माझी पद्धत: तहान लागेल तसं पाणी, आणि दर दोन बाटल्या साध्या पाण्यामागे एक बाटली ओआरएस. पाकीट लिटरचं असेल तर लिटरभर पाण्यातच. आमच्यातले निम्मे लोक अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओततात आणि मग तहान वाढली म्हणून तक्रार करतात. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज आहे, कारण आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जातं आणि त्यांच्यामागे पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असंच द्रावण पाजून मोठ्या प्रमाणावर जीव वाचवले होते. दुकानातलं गोड टेट्रापॅक म्हणजे ते नव्हे, पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या. कोकमाचं सरबत मीठ घालून केलं तर वाटेवर तेही उत्तम, फक्त साखर बेताची. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असलेल्यांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि हो, मार्च-एप्रिलमध्ये आदल्या रात्रीचा हुर्राक (काजूची हंगामी दारू) हा स्वतंत्र संशयित आहे. वहीत दोन नोंदी आहेत. जास्त लिहीत नाही, घरचे वाचतात.

चौथा: एकच गुडघा

हा दोष जंगलात येत नव्हता, किनाऱ्यावर यायचा. वेळसावपासून मोबोरच्या टोकापर्यंत जवळपास सलग वाळू आहे, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी. हिवाळ्यात आम्ही ही वाट एका दिवसात करतो. सपाट, ना चढ ना उतार, तरी बाणावली ओलांडली की माझा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने सुई टोचल्यासारखा दुखायचा. नेहमी उजवाच.

तीन फेजच्या मोटारीवर संशय आला की आम्ही दोन वायरी अदलाबदल करून बघतो. इथेही तेच केलं. पुढच्या वेळी मोबोरहून उत्तरेला चाललो. दुखला तो डावा गुडघा! म्हणजे गुडघा निर्दोष, दोष जमिनीचा. पुळण समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेला चालताना समुद्र उजवीकडे, उजवा पाय दिवसभर खालच्या पायरीवर. कमरेपासून गुडघ्याच्या बाहेरून उतरणारा पट्टा प्रत्येक पावलाला घासतो, आणि पंचवीस किलोमीटरमध्ये पावलं तीस हजारांच्या वर होतात.

उपाय म्हणजे सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ साधणं. पाणी मागे सरलं की खाली जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते ती जवळजवळ सपाट असते आणि पाय रुतत नाही. भरतीला तुम्हाला वरच्या उतरत्या, भुसभुशीत पट्ट्यात ढकललं जातं, तिथे मेहनत दुप्पट. भरती ते सुकती साधारण सहा तास, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून तारीख अशी निवडायची की पूर्ण सुकती सकाळी दहा-अकराच्या सुमारास येईल, म्हणजे तिच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन तास चांगली वाळू मिळते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त मागे जातं, पण तितकंच वरही चढतं, तेव्हा परतीचा हिशोब आधी करा. मध्ये रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर आडवे आले तर ओलांडू नका, वळसा घ्या. ओढणाऱ्या माणसांचा दिवस आपल्यापेक्षा लांब असतो.

पाचवा: उतार

गोव्यात उंची फारशी नाही, सर्वांत उंच सोनसोगड तो हजार मीटरच्या थोडा वर. पण चोर्ल्याच्या बाजूला घाटवाटेने उतरताना मांड्या जितक्या फाटतात तितक्या चढताना नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि अशा कामाने तंतूंना बारीक इजा होते. म्हणून त्या दिवशी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शौचाला बसताना देव आठवतो. त्यात वाटेवरचे जांभ्याचे बारीक खडे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या.

यावर स्प्रे उपयोगी नाही, सराव उपयोगी आहे. एकदा असं काम केलं की त्या स्नायूला काही आठवडे संरक्षण मिळतं. चालण्याच्या दहा-बारा दिवस आधी सावकाश उठाबशा, किंवा जिना उतरणं, आठवड्यातून दोनदा. २०२३ च्या जुलैत रुळांवरून दूधसागरला गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. व्यायाम योग्य होता, वेळ चुकली. (रुळांवरून चालण्याला बंदी आहेच, आणि रुळांखालच्या आडव्या स्लिपरांचं अंतर कुणाच्याच पावलाला जुळत नाही.) उतरताना पावलं छोटी टाका, टाच आपटू नका, नाक्यावरच्या बांबूची काठी घेतली तरी चालेल.

फोड आणि काचणं यांबद्दल थोडक्यात. कुळ्याच्या वाटेवर पाण्यातून उतरावं लागतं. ओले मोजे घालून पुढे चाललात तर फोड येणारच. पाण्यात सँडल, पलीकडे कोरडे मोजे. टाचेवर कुठे गरम वाटायला लागलं की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा, "पुढच्या थांब्यावर बघू" म्हणणाऱ्याला फोड येतो. मांड्यांना निघतानाच व्हॅसलीन. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर बूट अर्धा नंबर लहान आहे.

जिथे दुरुस्ती करत बसायचं नाही

वरचं सगळं थकव्याचं झालं. काही वेळा मोटार लगेच बंद करायची असते. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात धरा. आधी सावली आणि अंगावर पाणी, व्हाळात (ओढ्यात) झोपवून डोकं वर धरा, मग १०८. जंगलात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं, म्हणून एकाने पळायचं आणि एकाने थांबायचं हे निघतानाच ठरलेलं असावं. दुसऱ्या दिवशी लघवी कोलासारखी तपकिरी झाली तर पाणी पीत घरी बसू नका, इस्पितळात जा, स्नायू फुटून मूत्रपिंडावर आलेलं असू शकतं.

आणि सत्तरीकडे हिंडून आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर ती चालण्याची थकावट समजू नका. डिसेंबर ते मे गोचिडींचा काळ, आणि या भागात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे न विचारता सांगा. घरी पोचल्यावर गुडघ्याची मागची बाजू, काख, कंबर तपासा.

माझ्या वहीची सद्यस्थिती: वेग, पेज, मीठ या तिघांनंतर बंद पडणं थांबलं. शेवटच्या चार चालण्यांत विसाव्या किलोमीटरला मी दमलेलो होतो, पण चालत होतो, आणि कुणावर ओरडलो नाही अशी मेहुण्याने साक्ष दिली आहे. एक दोष मात्र अजून सुटलेला नाही. रात्री दोनच्या सुमारास डाव्या पोटरीत गोळा येतो. मीठ वाढवून पाहिलं, केळी वाढवली, काही फरक नाही. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हाताने स्वतःकडे ओढतो, अर्ध्या-एक मिनिटात सुटतो. पुढच्या वेळी झोपण्याआधी पोटरी ताणून बघणार आहे. फक्त तेवढीच एक गोष्ट, दुसरं काही बदलायचं नाही.